बिकिटाची गोणी

नाव पेटलाइट.
मराठी कानाला वाटावं, हे आता पेटणार.
याची ख्याती नेमकी उलट:
जाळावर ठेवा, फुगत नाही,
गार पाण्यात बुडवा, आक्रसत नाही,
आपल्या मापात राहतं.
फोडलं तर मात्र पापुद्र्यांनी सुटतं,
राखाडी, कुठे किंचित गुलाबी,
म्हणून कुणीतरी ग्रीकमधलं पान
त्याच्या नावात घालून ठेवलं.

योक्काइचीत यासुए माती मळते.
शंभर किलोत चाळीस हा दगड, दळलेला,
बाकी इथली माती.
त्याशिवाय दोनाबे, म्हणजे झाकणाची हंडी,
उघड्या आचेवर टिकत नाही;
तळाला केसाएवढी चीर जाते
आणि ऐन थंडीत रस्सा गॅसवर.
नव्या हंडीत आधी तांदळाची पेज शिजवायची,
मातीची बारीक भोकं ती बुजवते.
यासुए हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते,
ऐकलं नाही तर पुन्हा सांगते.

गोण्या बिकिटाहून येत.
झिम्बाब्वे तिनं पाहिलेलं नाही.
एकदा ढेकळं तशीच आली, न दळता,
एकावर कोळशानं ओढलेल्या रेघा:
चार उभ्या एक आडवी,
पुन्हा चार उभ्या एक आडवी,
मग नुसत्या तीन.
तेरा काय? गाड्या, तास, उधारी?
तो दगड तिनं दळला नाही.
मोरीच्या खिडकीत ठेवला, साबणाशेजारी.

रेघा शुवाईच्या होत्या.
तेरा बादल्या. चौदावी भरताना जेवणाची शिट्टी झाली,
ती मसासाच्या सावलीत
साद्झाचा गोळा बोटांनी दाबत बसली
आणि दगड पट्ट्यावरून पुढे निघून गेला.
यासुएला हे कधीच कळणार नाही.

मग गोण्या थांबल्या.
आधी भाव चढला, नंतर पत्र आलं:
खाण विकली गेली,
कच्चा दगड आता देशाबाहेर नाही,
काय निघेल ते बॅटऱ्यांना.
यासुए म्हणाली, गाडीची भूक हंडीपेक्षा मोठी.
तिचा भाचा तसलीच गाडी चालवतो,
चाहूल न देता दारात येतो,
ती दर वेळी दचकते.

तिकडे शुवाई आता दगड निवडत नाही.
नव्या कारखान्याच्या फाटकाशी
उकडलेल्या शेंगा विकते ट्रकवाल्यांना.
धंदा बरा. धूळ फार.

आणि शिगेहारु. यासुएचा धाकटा भाऊ,
मागच्या खोलीत राहतो.
तरुणपणी एका रात्रीत त्यानं एकशेवीस वाडगे घडवले
आणि पहाटे एकेक करून आपटले.
तेव्हापासून गोळी. सकाळी एक, रात्री दोन.
ठरल्या दिवशी रक्त तपासायचं,
जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही.
पंचवीस वर्षं यासुए
इकडे चमच्यानं मीठ मोजते,
तिकडे शंभरात चाळीस,
आणि दोन्हीकडे धातू एकच, लिथियम,
हे तिला औषधवाल्या पोरीनं
सुटे पैसे देता देता सांगितलं.
ती काही बोलली नाही.
घरी येऊन भावाकडे नुसती बघत राहिली.
तो मुळा किसत होता.

काल दुसऱ्या खाणीच्या दगडाची पहिली भट्टी उघडली.
यासुएनं एकेक हंडी उचलून
बोटाच्या पेरानं टिचकी मारली.
बद्द. बद्द. बद्द.
अकरा बाजूला गेल्या.
बारावी कशी वाजली ते तिला ठरवता येईना,
तिनं ती शिगेहारुकडे दिली,
त्याचा कान पहिल्यापासून तीक्ष्ण.
त्यानं टिचकी मारली नाही.
हंडी कानाला लावली,
शंख लावावा तशी, बराच वेळ.
मग म्हणाला, पेज घाल.
बघू.